उंबरापतूरची वाट

तंबूत ऱ्हायची हौस माझी न्हाय, हे आधीच सांगून टाकते. म्हंजी पुढं कुणी म्हणाय नगं, की विजयमालेलाच फिरायचं लई याड. हौस आमच्या छकुलीची, आन तिचं ऐकणारा तिचा बाप, म्हंजी आमचे हे, दीपकराव. पोरीची तिसरीची परीक्षा संपली आन तिनं मोबाइलात कुठला तरी व्हिडिओ बघितला. नदीकाठ, तंबू, शेकोटी, फ्लेमिंगो. झालं! उठता-बसता एकच धोशा, "पप्पा, आपण तंबूत झोपायचं." ह्यांनी फोनवर तंबू ठरवूनबी टाकला. मला विचारलं कवा? पिशवीत कपडं भरायच्या येळंला.

मी माहेरची वडगाव निंबाळकरची. आमच्याकडं पाणी म्हंजी पाट. कुठनं येतंय, कुठं जातंय, सगळं ठावं. दार उघडलं की येणार, लावलं की थांबणार. उजनी धरणाच्या पाण्याचं तसं न्हाय. लगीन हून वरकुट्याला आले तवापासनं मला त्या पाण्याचं भ्या वाटतं. आज हितं आसतंय, म्हैन्याभरानं बघावं तर पार तिकडं. वरनं गप, आन खाली काय हाय त्याचा पत्ता न्हाय. मला पवाय येत न्हाय. छकुलीलाबी न्हाय.

"आगं, उद्यान केलंय तितं नदीकाठी," हे म्हणले. "झोपाळा हाय, न्हाणीघर हाय, देखरेखीला माणूस हाय. तुझं म्हंजी भित्यापाठी ब्रह्मराक्षस."

"मग भिते. घरात कुणीतरी भ्याया पायजे, न्हायतर तुमी समदी उघड्यावर पडशीला," मी म्हणलं.

माझे सासरे, गेणबा नाव, पण सगळी त्यांना आप्पाच म्हणत्यात, ते वट्यावर बसून ऐकत हुते. हसाय लागले. "तंबूत निजायचं? आरं, माझ्या बापाची हयात मेंढरामागं पालात गेली. डोक्यावर पक्कं छप्पर पायजे म्हणून आमी मेंढरं इकून उसात शिरलो. आन आता तुमी पैसं मोजून पालात निजाय चाललाय व्हय?"

आमी सगळीच हसलो. पण मग ह्यांनी जागा सांगितली. भिगवणच्या अल्याड, नदी वळती तितं. आप्पांचं हसणं एकदम थांबलं. "कुठलं वळण?" त्यांनी परत विचारलं. ह्यांनी परत सांगितलं. आप्पा म्हणले, "मग मीबी येतो."

सासूबाई आतनं म्हणल्या, "मी न्हाय येणार." का, तर म्हणं गुडघं दुखत्यात. पण आप्पांनी टोपी काढून फेटा बांधाय घेतला तशा त्याबी गुपचूप गाडीत येऊन बसल्या. 

आप्पांचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं, येवढं मला ठावं हुतं. आप्पा कधीमधी सांगायचे, चावडी आशी हुती, इहीर आशी हुती. सासूबाईंना विचारलं की एकच उत्तर, "मला न्हाय आठवत बाई. थोडंच दिस नांदले तितं." मीबी पुढं कधी उकरून काढलं न्हाय. धुणं, भांडी, डेअरीचं दूध, ह्यातनं सवड कुणाला हाय?

उद्यान वाईट नव्हतं, खोटं कशाला बोलू. कडुनिंबाच्या सावलीत हिरवं-निळं तंबू, चुली मांडायला वटं, पोरांना घसरगुंडी. देखरेखीला अविराज नावाचा दांडगा गडी, मासेमारांच्या घरचा. गळ्यात शिट्टी आन दुर्बीण. आल्या आल्या त्यानं नेम सांगितलं. बोटीत बसायचं तर जॅकेट घालायचं, पाण्यात उतरायचं न्हाय, गाळात तर बिलकुल पाय घालायचा न्हाय. मला माणूस बरा वाटला. कुणीतरी माझ्यासारखं भिणारं भेटलं.

"पण पाणी हाय कुठं?" छकुलीनं विचारलं.

खरंच, पाणी लांब हुतं. औंदा लवकर मागं सरलंय, अविराज म्हणला. समोर नुसता तडकलेला गाळ, त्यातनं शेतकऱ्यांचं काळं पाइप पाण्यामागं धावत गेलेलं. पार पलीकडं पाण्याची चकाकी, आन तिच्यावर गुलाबी-पांढरी रेघ. ते फ्लेमिंगो. छकुलीनं टाळ्या पिटल्या. मी मनात म्हणलं, बरं झालं, पाणी लांब हाय ते. तेवढाच जिवाला निवांतपणा.

पण निवांतपणा माझ्या नशिबात कुठला? मला आप्पांचं काय खरं दिसंना. काठी टेकून उभं ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. कपाळावर आडवा हात धरून पाण्याकडं बघायचं, काठी उचलून कुठंतरी रोखायची, ओठातल्या ओठात पुटपुटायचं. चहा दिला तर निवून गेला. आन सासूबाई त्यांच्या उलट. पाण्याकडं पाठ करून, तंबूच्या तोंडाशी बसून लसूण सोलत्यात.

"आई, आसं तोंड फिरवून का बसलाय? येवढ्या लांब पाणी बघाय आलोय न्हवं?"

"डोळ्याला ऊन लागतंय," त्या म्हणल्या.

ऊन तर झाडामागं गेलं हुतं. पण म्हाताऱ्या माणसाशी किती वाद घालायचा?

दिवस कलला तसे आमचे हे भिगवणला चिलापी आणाय गेले. तितली ताजी मासळी खाल्ल्याबिगर म्हणं ट्रिप पुरी हुत न्हाय. मी चूल पेटवाय घेतली. लाकडं वली, नुसता धूर. फुकून फुकून डोळ्याचं पाणी खळंना. तवाच आप्पा आले, छकुलीचा हात धरून.

"पोरीला जरा पक्षी दावून आणतो."

"लांब जाऊ नगा, आप्पा. काठाच्या वट्यापतूरच."

"व्हय व्हय," ते म्हणले.

मी पीठ मळलं. भाकरीला तवा टाकला. मान वर करून बघितलं तर वट्यावर कुणी न्हाय.

आधी वाटलं, झोपाळ्याकडं आसतील. झोपाळा मोकळाच. घसरगुंडीवर दुसऱ्याची पोरं. न्हाणीघराची दारं वाजवली, आतनं एक बाई वराडली, "आहे ना कुणीतरी!" गाड्या लावल्यात तिकडं बघितलं. तंबूमागं बघितलं. "छकुले! ये छकुले!" माझा आवाज मलाच वळखू येईना. हाताला पीठ तसंच. लोक बघाय लागली. बघंनात मेली.

"आई, आप्पा कुठं गेलं? छकुली कुठाय?"

सासूबाईंच्या हातातला लसूण खाली पडला. त्या उठल्या. पयल्यांदाच पाण्याकडं वळल्या आन तशाच उभ्या ऱ्हायल्या.

येवढ्यात लांबची ती गुलाबी रेघ मधनंच उसवल्यागत झाली. निम्मं पक्षी एकदम उडालं. अविराज तितंच हुता. त्यानं दुर्बीण डोळ्याला लावली. "पक्षी उगं उडत न्हाईत," तो म्हणला. "कोणतरी गेलंय तिकडं." मग म्हणला, "वहिनी, तुमच्या म्हाताऱ्याचा फेटा लाल हाय का?"

मी दुर्बीण हिसकून घेतली. आधी काय दिसंचना. मग लाल फेटा दिसला. त्याच्या बाजूला पिवळा फ्रॉक. आगं आई गं! गाळात न्हाय, काठाला न्हाय, पार पाण्याच्या मधी! चहूकडनं पाणी, आन ही दोघं एकमेकाचा हात धरून चाललीत. बाजाराला चालल्यासारखी. पाणी आप्पांच्या गुडघ्यालाबी न्हाय.

"घाबरू नगा," अविराज म्हणला. "ती जुनी गाडीवाट हाय, बुडालेल्या गावाची. मुरमाचा भराव हाय खाली. पाणी उतरलं की जुनी माणसं जात्यात कधी कधी तिच्यावरनं. त्यांना वाट तोंडपाठ आसती."

माझ्या जिवात जीव आला. आला आन लगीच गेला, कारण अविराजचं तोंड बघता बघता उतरलं. त्यानं माझ्याकडनं दुर्बीण घेतली, परत बघितलं आन शिवी दिली.

"काय झालं? आरं बोल की!"

"पुढं वाट न्हाय, वहिनी. वाळू उपसायच्या बोटींनी दोन वरसांत सगळं उकरून नेलंय. मधीच तुटलीय. तितं माझा बांबू बुडतोय, तळ लागत न्हाय. वरनं पाणी सारखंच दिसतंय. म्हाताऱ्याला कसं कळायचं? त्यो जुन्या हिशेबानं चाललाय."

"मग बोट काढ! उभा काय ऱ्हायलाय?"

"बोट त्या टोकाला हाय, पाण्याकडंला. वळसा पडंल," म्हणत तो पळालाबी. पळता पळता शिट्टी फुकत हुता. पण वारं आमच्या तोंडावर. शिट्टी आमच्यातच घुमत ऱ्हायली. तिकडं लाल फेटा काय वळंना.

मी चप्पल टाकली आन गाळात उडी घेतली. कुणीतरी मागनं वराडलं, "अहो बाई, अडकाल!" अडकलेच. चार ढांगात पाय गुडघ्यापतूर आत. एक काढावा तर दुसरा जातोय. माझी पोर समोर चालली बुडायला, आन मी हितं चिखलात खुटीगत रुतून बसले. मी रडले, शिव्या दिल्या, आप्पांना दिल्या, ह्यांना दिल्या, त्या व्हिडिओ काढणाऱ्यालाबी दिल्या. खंडोबाला म्हणलं, माझ्या पोरीला काय झालं तर तुझ्या पायरीला पाय लावणार न्हाय.

"विजे! तितनं न्हाय! हिकडं ये!"

सासूबाईंचा आवाज. वळून बघते तर त्या माझ्या उजव्या अंगाला, लुगडं वर खवसून, गाळावरनं तरातरा चालल्यात. सत्तरीला टेकलेली बाई, गुडघं दुखणारी. आन पाय घोट्याच्या वर बुडत न्हाय.

"हाताला धर. हां. आता माझ्या मागनं ये. मुरूम लागंल पायाला. पल्याडच्या काठावरचं त्ये एकलं टेकाड दिसतंय न्हवं? त्याच्यावरची नजर काढू नगं. डाव्या अंगाला जाऊ नगं, तिकडं वढा हुता."

मी त्यांचा पदर धरला. खरंच पायाखाली घट्ट लागलं. मग पाणी आलं, घोट्याला, पोटऱ्यांना. ज्या बाईला काय आठवत नव्हतं, ती पाण्याखालची वाट मला बोलून दावत हुती. हितं वळण हाय. हितं मारुतीचा पार हुता, जपून, दगड हायत. मला इचारायचं भान नव्हतं. मला नुसता पिवळा फ्रॉक दिसत हुता.

"आप्पाऽऽ! छकुलेऽऽ!" आमी दोघी वराडत हुतो. वारं आमचा आवाज आमच्याच तोंडात परत कोंबत हुतं. तिकडं पाणी आप्पांच्या मांडीला लागलं. त्यांनी छकुलीला उचलून खांद्यावर घेतली. दोन्हीकडं पाय सोडून, जतरंत घेत्यात तशी. पोरगी हसत आसंल. तिला वाटलं आसंल, आज्जा खेळ करतोय.

तवा सासूबाईंच्या तोंडातनं निघालं, मोठ्यानं, त्या पाण्याला उद्देशून. "एक दिलंय तुला! दुसरं लेकरू न्हाय द्यायची मी! न्हाय द्यायची!"

"दुसरं? आई, काय बोलताय?"

त्या चालत ऱ्हायल्या. थांबल्या न्हाईत, वळल्याबी न्हाईत. चालता चालता धापा टाकत सांगितलं. "माझी पयली पोर. म्हाळसा. चालाय लागली हुती नुकती. तापानं गेली. लहान लेकराला जाळत न्हाईत, पुरत्यात. इहिरीकडंच्या उंबराखाली पुरली तिला. मग वरीस गेलं न्हाय तर सरकारचा सांगावा आला, गाव उठवा. देव न्हेलं लोकांनी. मारुती न्हेला, आमचा खंडोबाचा टाक न्हेला, चावडीचं दगडबी न्हेलं कुणी कुणी. माझी पोर तितंच ऱ्हायली. आन पाणी आलं." मग म्हणल्या, "हा त्या उंबराकडंच चाललाय. मला गाडीतच कळलं हुतं. म्हणून आले मी. आन तरीबी पाठ करून बसले. मला बघवंना गं."

माझ्या नवऱ्याला बहीण हुती, हे ह्यांना तरी ठावं हाय का, कुणाला ठावं.

त्याच वक्ताला पुढं आप्पा थांबले. आता आमी इतक्या जवळ आलतो, की मला छकुलीच्या येणीतली रिबीन दिसत हुती. आप्पांनी काठी पुढं टेकवली. काठी गेली ती गेलीच, मुठीपतूर. त्यांनी वढून काढली, जरा बाजूला टेकवली. तितंबी तसंच. त्यांना उमगलं. ते माघारी फिराय लागले आन त्यांच्या पायाखालची कड सुटली.

मी बघितलं. मांडीला हुतं ते पाणी छातीला, छातीचं गळ्याला. फेटा सुटून पाण्यावर पसरला. छकुली किंचाळली, "मम्मीऽऽ!"

मी धावणार, तवर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. आसं धरलं की बांगडी पिचली.

"सोडा! सोडा मला, आई! माझी पोर हाय ती!"

"म्हणूनच सोडत न्हाय! तू गेलीस की कड आणखी ढासळंल. तिघंबी जाशीला. उभी ऱ्हा!"

उभी ऱ्हा. जगात ह्याच्याइतकं अवघड काय नसंल. पोटची पोर समोर, हाकेच्या अंतरावर, आन आईनं उभं ऱ्हायचं. आप्पांचं नुसतं तोंड वर दिसत हुतं. दोन्ही हातांनी छकुलीचं पाय घट्ट धरल्यालं. ते हलत नव्हते, बोलत नव्हते, म्हैस पाण्यात बसती तसे निव्वळ उभे. जरा हललं की खालचा मुरूम सुटायचा. पाणी हनुवटीला लागलं. मग वठाला. मी जोरानं म्हणत हुते, "छकुले, रडू नगं, हलू नगं, आज्ज्याचं केस धरून बस, मम्मी हितंच हाय." 

फाटफाट आवाज आला. अविराजची बोट. पण तो जवळ येईना! मधीच त्यानं इंजिन बंद केलं. मी त्याला काय काय बोलले ते मला आता आठवत न्हाय, आठवलं तरी सांगणार न्हाय. "लाटनं कड जाईल, वहिनी!" तो वराडला, आन बांबूनं बोट रेटत रेटत, मांजराच्या पावलानं यावं तसा आला. पोटावर पालथा पडला, हात लांबवला. "पोरी, हात दे. दोन्ही दे. हां, शाबास."

छकुली बोटीत गेली. आप्पांच्या खांद्यावरचं वझं गेलं तसा पायाखालचा मुरूम सुटला आन पाणी त्यांच्या डोक्यावरनं गेलं. सासूबाईंनी डोळं मिटलं. मी न्हाय मिटलं. मी बघितलं, पाण्यातनं एक हात वर आला आन त्यानं बोटीची कड धरली.

काठाला आल्यावर आमी सगळी तितंच वल्या गाळात बसलो. मी छकुलीला इतकी आवळली की ती म्हणाली, "मम्मी, दुखतंय." तिचं हात बघितलं, पाय बघितलं, कानात पाणी गेलं का बघितलं. सगळं जाग्यावर. मग माझा राग वर आला. दडपून ठेवलेला सगळा.

"आप्पा, तुमचं डोस्कं ठिकाणावर हाय का?" मी म्हणलं. सासऱ्यापुढं कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिशी चढवला. "तुमाला जायचं हुतं तर जायचं, बुडायचं हुतं तर बुडायचं! माझी पोर का न्हेली? माझ्या पोरीला काय झालं आसतं तर मी काय केलं आसतं? सांगा!"

आप्पांनी मान खाली घातली. डोकं उघडं, पांढरं केस चिकटल्यालं, अंगाला कापरं भरल्यालं. येवढा मोठा माणूस, बारकं लेकरू दिसत हुता. अविराजनं त्यांच्या अंगावर चादर टाकली.  उत्तर दिलं छकुलीनं.

"मम्मी, आप्पांना रागवू नको ना. आम्ही आत्याकडं चाललो होतो. पाया पडायला. आप्पा म्हणले, तुला आत्या हाय, तिनं तुला अजून बघितली न्हाय."

माझा राग तितंच बसला. 

आप्पा हळूच म्हणले, "येवढं पाणी कवा उतरत न्हाय. म्हणलं, औंदा उंबराचा बुंधा उघडा पडला आसंल. माझं आता किती दिस ऱ्हायलं? पोरीला तेवढी दावून यावी. वाट तर माझी रोजच्या पायाखालची हुती गं. मला काय ठावं, पाण्याखालचंबी कोण उकरून न्हेतंय ते."

 सासूबाई आप्पांच्या समोर बसल्या हुत्या, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. त्यांनी विचारलं, "उंबर लागला का?"

आप्पा अंगावरची चादर आवळत ऱ्हायले.

"मी काय इचारते? उंबरापतूर गेला हुता का न्हाय?"

"गेलो हुतो," आप्पा म्हणले. "काठी बुडाली न्हवं, तितंच उंबर हुता. बुंधा न्हाय, इहिरीचा काठ न्हाय, कायबी न्हाय. खड्डाच हाय नुसता."

सासूबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग पाण्याकडं बघितलं. रडल्या न्हाईत. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर त्यांचं अंग दगडागत झालं हुतं. त्यांनी अविराजला हाक मारली.

"बाबा, ही वाळू कुठं न्हेत्यात रं?"

अविराज बोटीची दोरी गुंडाळत हुता. त्याला बिचाऱ्याला काय ठावं? तो सहज म्हणला, "कुठंबी न्हेत्यात, आज्जी. पुण्याला, बारामतीला. हितल्या गावांतनीबी जाती. बांधकामाला सगळ्यांना हीच लागती."

मी खाली बघितलं. आमच्या नव्या घराचं काम गेल्या दिवाळीला पुरं झालं. मागच्या उन्हाळ्यात ह्याच नदीची वाळू आमच्या दारात येऊन पडली हुती. ढीगच्या ढीग. छकुली त्या ढिगाऱ्यावर खोपा करून खेळायची, आन सासूबाई वट्यावर बसून तिला म्हणायच्या, केसात घालू नगं गं. ते मला आठवलं, तेच त्यांनाबी आठवलं. त्यांच्या तोंडावरनंच मला कळलं.  मी म्हणलं, "आई, आसं काय मनात आणू नगा. किती खड्डं आसतील, किती गाड्या आसतील. आपल्या घराची वाळू तितलीच कशावरनं?"

"व्हय," त्या म्हणल्या. "आसतील."

मग त्या उठल्या. आप्पांच्या खाकंत हात घालून त्यांना उठवलं, छकुलीच्या तोंडावरचा गाळ पदरानं पुसला. लांबनं आमच्या गाडीचा हॉर्न वाजला. हे मासळी घिऊन आलते, त्यांना अजून कशाचाच पत्ता नव्हता.

"दीपकला सांग, गाडी वळवूनच लाव," सासूबाई मला म्हणल्या. "हितं नगं ऱ्हायाला. घरी चला. आज सगळी घरीच झोपू."